हीट नंबरपासून ग्राहकापर्यंत: नॉलेज ग्राफचा सारांश काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेतली एक फाउंड्री आणि तिच्याकडून माल घेणारी मशीन शॉप यांचा मिळून एक नॉलेज ग्राफ, म्हणजे वस्तू (नोड) आणि त्यांच्यातले दुवे यांचं जाळं, तयार केला आहे. हीट (भट्टीची एक खेप), कास्टिंग (ओतीव भाग), मशीनिंग, तपासणी, चलन, इनव्हॉइस, ग्राहक असा सगळा माग त्यात आहे. आरडीएफ या मांडणीत साधारण ३ कोटी ट्रिपल, म्हणजे ‘सब्जेक्ट, प्रेडिकेट (दुव्याचं नाव), ऑब्जेक्ट’ अशी तीन भागांची विधानं. ‘या हीटचा माल कोणाकोणाकडे गेला?’ एवढं विचारलं तरी उत्तराला काही मिनिटं लागतात. म्हणून पूर्ण ग्राफवर बायसिम्युलेशन (सारख्या दुव्यांचे नोड एका गटात टाकण्याची पद्धत) लावून सारांश काढला, तर तो मूळ ग्राफच्या निम्म्याहून मोठा निघाला. आता सारांशाचा नाद सोडावा का?

सोडू नका. सगळ्या प्रश्नांना पुरेल असा एकच सारांश काढायचा हट्ट मात्र सोडा. आधी कोणते प्रश्न वेगाने सुटायला हवेत ते कागदावर मांडा, मग त्या प्रश्नांपुरताच सारांश काढा.

तुमचा सारांश एवढा फुगला याचं कारण गणितात कमी आणि भट्टीत जास्त आहे. फाउंड्रीत रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) आणि रिजेक्शनचा माल परत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, जातो. तुमच्या ग्राफमध्येही तसा दुवा असणार: हीट, तिचं कास्टिंग, ते रिजेक्ट, आणि ‘भट्टीत परत’ या दुव्याने पुढची हीट. पूर्ण बायसिम्युलेशन दोन नोड एका गटात तेव्हाच टाकतं, जेव्हा त्यांच्यापुढचे सगळे मार्ग शेवटपर्यंत जुळतात. सोमवारच्या हीटपुढे मंगळवारच्या हीटपेक्षा एक पिढी जास्त आहे, त्यामुळे दोन दिवसांच्या हीट कधीच एका गटात येत नाहीत. हीट वेगळ्या पडल्या की त्यांच्याकडे जाणारं रिजेक्शन वेगळं पडतं, आणि त्यामागोमाग आधीच्या हीट. अल्गोरिदम चुकलेला नाही. पेज आणि टार्जन यांची १९८७ सालची पद्धत दुव्यांची संख्या गुणिले नोडसंख्येचा लॉग एवढ्या कामात हे गट बरोबर काढते. गट बरोबर आहेत, फक्त तुमच्या कामाचे नाहीत.

क्वेरी रेंगाळते तीही याच दुव्यामुळे. ‘हीटपासून कितीही पायऱ्या पुढे’ अशी अमर्याद प्रॉपर्टी पाथ (दुव्यांमागून दुवे चालण्याची सूचना) लिहिली असेल, तर जानेवारीतली एक हीट रिजेक्शनच्या वाटेने नंतर ओतलेल्या जवळजवळ प्रत्येक हीटपर्यंत पोहोचते. मग इंजिन निम्मा ग्राफ फिरून येतं आणि वर उत्तरही चुकीचं देतं, कारण ग्राहकांची यादी भलतीच लांबते. तेव्हा ‘भट्टीत परत’ हे प्रेडिकेट ग्राहकांच्या मागातून आणि सारांशातून, दोन्हीकडून काढा. बाहेरून आलेल्या स्क्रॅपमधलं क्रोमियम किंवा शिसं कुठवर गेलं हे पाहायचं असेल, तर त्यासाठी वेगळी क्वेरी ठेवा आणि तिला एका किंवा दोन पिढ्यांची मर्यादा घाला.

सारांशाकडे वळण्याआधी आणखी एक तपासणी करा. क्वेरीचा प्लॅन, म्हणजे इंजिन ती कोणत्या क्रमाने सोडवतं ते, उघडून पाहा. ग्राहकाच्या नावावर रेग्युलर एक्स्प्रेशनचा फिल्टर आहे का? दोन ऐच्छिक भाग एकमेकांशी न जोडलेले राहून गुणाकार होतो आहे का? जेना टीडीबी-२ हा आरडीएफ साठवणारा डेटाबेस वापरत असाल तर आकडेवारीची फाइल कधी काढली होती? ती नसेल तर इंजिन ठरावीक ढोबळ नियमांवर क्वेरीतल्या तुकड्यांच्या जोडणीचा क्रम ठरवतं. बऱ्याच ‘मंद’ ग्राफची तक्रार इथेच मिटते, आणि तशी मिटली तर पुढचं काहीही करू नका. सारांश ही सांभाळावी लागणारी आणखी एक वस्तू आहे.

आता मूळ मुद्दा. सारांश ग्राफ म्हणजे नोडचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा एक नोड करायचा, आणि मूळ ग्राफमध्ये एका गटातल्या एखाद्याही नोडपासून दुसऱ्या गटातल्या एखाद्या नोडपर्यंत दुवा असेल तर त्या दोन गटांमध्ये तो दुवा काढायचा. या रचनेतून एक हमी मिळते: नकार (‘अमुक नसलेलं शोधा’) नसलेल्या साध्या पॅटर्नला सारांशात उत्तर मिळालं नाही, तर मूळ ग्राफमध्येही ते नाही. उलट मात्र खरं नाही. सारांशात मार्ग दिसला तरी तो दोन वेगवेगळ्या नोडचे तुकडे जुळून झालेला असू शकतो. एका कास्टिंगला तपासणी आहे पण इनव्हॉइस नाही, दुसऱ्याला इनव्हॉइस आहे पण तपासणी नाही. दोघं एका गटात पडली की सारांश म्हणतो, तपासलेला आणि विकलेला माल आहे. म्हणून सारांशाचा नकार डोळे झाकून घ्यायचा आणि होकार मूळ ग्राफवर पडताळायचा. वेग येतो तो नकारामुळेच.

गट कशावर पाडायचे हे क्वेरीच्या आकारावर ठरतं.

एकाच नोडची बरीच माहिती मागणारी क्वेरी, म्हणजे कास्टिंगचा पॅटर्न नंबर, ग्रेड, वजन, तपासणी अहवाल, अशी ताऱ्याच्या आकाराची असेल, तर कॅरॅक्टरिस्टिक सेट पुरतात. नोडवर कोणकोणती प्रेडिकेट आहेत त्यांचा संच हीच नोडची ओळख. संच सारखा असेल तर गट एक. नॉयमन आणि मोएरकोट यांनी २०११ मध्ये ही कल्पना जोडणीच्या निकालाचा अंदाज बांधण्यासाठी मांडली होती, पण छाटणीलाही, म्हणजे नको ते गट आधीच बाद करायलाही, ती उत्तम चालते. काढायला एकच फेरी लागते: ट्रिपल सब्जेक्टनुसार लावलेले असतील तर एका वाचनात काम होतं.

हीटपासून इनव्हॉइसपर्यंत अशी साखळी असेल तर मर्यादित खोलीचं, म्हणजे के-बायसिम्युलेशन घ्या. शून्याव्या फेरीत गट फक्त प्रकारावरून. नंतरच्या प्रत्येक फेरीत नोडची सही (गट ठरवणारी खूण) अशी बनते: त्याचा आधीचा गट, आणि ‘प्रेडिकेट, शेजाऱ्याचा आधीचा गट’ अशा जोड्यांचा संच, क्रमाने लावून हॅश केलेला. के म्हणजे फेऱ्यांची संख्या; तिची किंमत १ किंवा २ ठेवा. ३ च्या पुढे जाण्याचा मोह झाला, तर आधी दरेक फेरीनंतर गट किती झाले तो आकडा बघा; एका फेरीत तो अचानक कित्येक पटींनी उडाला की त्याच्या आधीच्या फेरीवर थांबायचं. आणि दिशा विसरू नका. पुढे जाणाऱ्या दुव्यांवर काढलेली सही ‘या कास्टिंगची हीट कोणती’ अशा उलट्या प्रश्नाला फारशी छाटणी देत नाही. तुमच्याकडे दोन्ही दिशांचे प्रश्न येणार, कारण ग्राहक तक्रार करतो तेव्हा कास्टिंगपासून मागे जायचं असतं, आणि स्पेक्ट्रोचा (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट बिघडतो तेव्हा हीटपासून पुढे. दोन्ही दिशा एका सहीत घातल्या तर गट भराभर वाढतात. दोन वेगळे छोटे सारांश ठेवलेले बरे.

सही बनवताना तीन गोष्टी हमखास नडतात. पहिली, जोड्या मोजणं. संचाऐवजी संख्या धरली की ४० कास्टिंगची हीट आणि ४१ कास्टिंगची हीट वेगळ्या गटात जातात, आणि सारांश पुन्हा मूळ ग्राफएवढा. दुसरी, लिटरल. वजन, तारीख, हीट नंबर यांच्या किंमती सहीत आल्या तर प्रत्येक नोड एकटा पडतो. सहीत फक्त ‘वजन आहे’ एवढंच ठेवा. तिसरी आणि सगळ्यात चिवट, रिकामे रकाने. शेरा, फोटो, सुपरवायझर अशी १० ऐच्छिक प्रेडिकेट असतील तर संच १०२४ पर्यंत जाऊ शकतात. प्रत्यक्षात इतके होत नाहीत, पण शेरा लिहिलेलं आणि न लिहिलेलं कास्टिंग वेगवेगळ्या गटात ठेवून कुणाचंच भलं होत नाही. क्वेरीत कधीच न येणारी प्रेडिकेट सहीतून वगळा. क्वेरीचा महिनाभराचा लॉग काढला तर ती यादी आपोआप मिळते.

प्रकारांबाबत एक अट आहे. ‘एसजी कास्टिंग’ आणि ‘सीआय कास्टिंग’ हे ‘कास्टिंग’चे उपवर्ग असतील आणि क्वेरी ‘कास्टिंग’ असं मागत असेल, तर उपवर्गातून येणारे ट्रिपल आधी भरून घ्या आणि मगच गट पाडा. नाहीतर सारांश खोटा नकार देईल.

तुमच्या मुख्य प्रश्नाला मात्र फक्त रचनेचा सारांश पुरणार नाही, कारण सगळ्या हीट रचनेने सारख्याच असतात. इथे गट पाडताना धंद्यातली खूण घालावी लागते: फर्नेस, महिना आणि ग्रेड. अशा प्रत्येक गटावर मँगनीज, सिलिकॉन, गंधक यांची किमान आणि कमाल किंमत लिहून ठेवा. समजा, प्रश्न आला की एसजी ४००/१५ या ग्रेडच्या कोणत्या हीटमध्ये मँगनीज ०.३ टक्क्याच्या वर गेलं. ज्या गटाची कमाल किंमत ०.२६ आहे तो गट न उघडताच बाद. उरलेल्या दोन-तीन गटांतल्या हीट तेवढ्या तपासायच्या. तारखेच्या प्रश्नालाही हेच. एकच खबरदारी: स्पेक्ट्रोच्या एखाद्या चुकीच्या नोंदीत दशांश चिन्ह सरकून ०.२५ चं २५ झालं, तर त्या गटाची कमाल किंमत कायमची बिघडते आणि तो गट कधीच बाद होत नाही. उत्तर बरोबरच येतं, फक्त वेग जातो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. किमान-कमाल भरतानाच शक्य त्या मर्यादेबाहेरच्या नोंदी वेगळ्या काढून त्यांचा एक लहान गट करा.

प्रत्यक्ष मांडणी अशी ठेवा. प्रत्येक नोडला ‘गट’ नावाचा एक ट्रिपल द्या, मूळ माहितीपासून वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये (नाव दिलेल्या ट्रिपलच्या स्वतंत्र संचात). सारांशाचे दुवे तिसऱ्या नेम्ड ग्राफमध्ये, आणि प्रत्येक दुव्यावर तीन आकडे: मूळ दुवे किती, वेगळे सब्जेक्ट किती, वेगळे ऑब्जेक्ट किती. जोडणीचा क्रम ठरवायला हे आकडे कामी येतात. क्वेरी दोन टप्प्यांत चालवा. पहिला टप्पा सारांशावर, त्यातून पात्र गटांची यादी. दुसरा टप्पा मूळ ग्राफवर, तीच क्वेरी पण आत ती यादी बांधून. यादीत पाच-पन्नास गट असतील तर फरक लगेच दिसतो. हजारो गट आले तर ती यादीच जोडणीला ओझं होते, अशा वेळी दुसरा टप्पा यादीविना चालवणं स्वस्त पडतं. माझा ठोकताळा असा की सारांशाने दहातले नऊ गट तरी बाद केले नाहीत तर त्या क्वेरीला सारांश वापरू नये. निओफोरजे हा दुसऱ्या धाटणीचा ग्राफ डेटाबेस वापरणाऱ्यांनी ‘गट’ ही प्रॉपर्टी नोडवर ठेवून तिच्यावर इंडेक्स करावा. बाकी विचार तोच.

‘हीटचा माल कोणाकडे गेला’ या प्रश्नाला तर याहून सरळ इलाज आहे: हीट आणि ग्राहक यांच्यात थेट दुवा काढून ठेवणं. मधल्या चार-पाच पायऱ्या एकदाच चालायच्या आणि निकाल ‘पोहोचला’ या दुव्याने साठवायचा. कास्टिंग लाखांत असली तरी एका हीटचे ग्राहक मोजकेच असतात, त्यामुळे हे दुवे मूळ ग्राफच्या मानाने नगण्य. प्रत्येक दुव्यावर किती नग गेले तो आकडा ठेवा. तो शोभेसाठी नाही. ग्राहकाने माल परत पाठवला की आकडा तेवढ्याने कमी करायचा आणि शून्य झाला तरच दुवा काढायचा. आकडा नसेल तर दोन नग परत आले म्हणून दुवा काढावा की ठेवावा हे ठरवायला पुन्हा पूर्ण साखळी चालावी लागते.

सारांशावर काय विचारू नये तेही सांगतो. नकाराचे प्रश्न. ‘तपासणी अहवाल नसलेली कास्टिंग’ हा प्रश्न ढोबळ गटांच्या सारांशाला विचारला तर तो म्हणेल, या गटाला तपासणीचा दुवा आहे, म्हणजे नसलेलं कुणी नाही. एका कास्टिंगचा अहवाल असला तरी गटावर दुवा येतो, हे वर पाहिलंच. अपवाद कॅरॅक्टरिस्टिक सेटचा: तिथे गटातल्या प्रत्येक नोडवर तीच प्रेडिकेट असतात, त्यामुळे अहवाल आहे की नाही आणि अशी कास्टिंग किती, ही दोन्ही उत्तरं मूळ ग्राफला हात न लावता अचूक मिळतात. अर्थात तपासणीचं प्रेडिकेट तुम्ही सहीतून वगळलेलं नसेल तरच. सरासरी हवी असेल तर गटावर बेरीज आणि संख्या ठेवा, सरासरी ठेवू नका. दोन गटांच्या सरासऱ्यांची सरासरी चुकीची येते. वेगळे ग्राहक किती, हा आकडा तर गटागटाची बेरीज करून मिळतच नाही, कारण एकच ग्राहक अनेक गटांत येतो.

नवा माल ओतला जातो, नवी इनव्हॉइस फुटतात, तेव्हा सारांश जुना पडतो. जुन्या सारांशाचा धोका मंदपणाचा नसून खोट्या नकाराचा आहे. माल परत बोलवायची वेळ आली आणि कालची डिस्पॅच यादीत आलीच नाही, तर वेगाचं कौतुक कुणी करणार नाही. वाढ आणि घट यांना वेगवेगळं वागवा. मूळ ग्राफमधून दुवा पुसला गेला आणि सारांशात तो राहिला, तर छाटणी थोडी सैल होते, उत्तर चुकत नाही. घटीची साफसफाई रात्रीच्या फेरबांधणीवर सोडा. वाढीला मात्र वाट पाहता येत नाही. नवा दुवा आणि सारांशातला त्याचा दुवा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, किंवा दिवसभराचा नवा माल सारांशाबाहेरच्या एका लहान ग्राफमध्ये ठेवून क्वेरी दोन्हीकडे चालवा. तुमच्यासारख्या ठिकाणी दुसरा मार्ग सोपा, फक्त आजचं इनव्हॉइस मागच्या आठवड्यातल्या कास्टिंगला जोडलं जातं हे ध्यानात ठेवा: असं कास्टिंगही दिवसभरासाठी लहान ग्राफच्या बाजूने तपासलं गेलं पाहिजे. के २ असेल तर त्या कास्टिंगच्या मागची हीटसुद्धा, कारण तिची सहीही बदलली.

आता सीमाभागातलं खास दुखणं. एकाच मशीन शॉपचा एक गाळा बेळगावजवळच्या मच्छेला आणि दुसरा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला असतो. जीएसटी नंबर दोन: एक २९ ने सुरू होणारा कर्नाटकचा, दुसरा २७ चा महाराष्ट्राचा. गोव्यात डेपो असेल तर तिसरा, ३० चा. ग्राफमध्ये ते तीन पुरवठादार होऊन बसतात. जीएसटी नंबरचं तिसरं ते बारावं अक्षर म्हणजे पॅन, त्यावरून मालक संस्था एकच असल्याचं कळतं. पण म्हणून तिघांना एका नोडमध्ये वितळवू नका. बेळगावहून मच्छेला गेलेल्या मालावर सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, कोल्हापूरकडे गेलेल्यावर आयजीएसटी. नोड एक केला तर हा फरक पुसला जातो. वर संस्थेचा एक नोड, त्याखाली नोंदणीनिहाय युनिट, आणि सारांश कोणत्या पातळीवर काढायचा हे क्वेरीवरून ठरवा.

गावांच्या नावांनीही असाच घोळ होतो. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही रूपं, शिवाय कानडी आणि इंग्रजी नोंदी, त्याही २०१४ च्या नामांतराआधीच्या आणि नंतरच्या. हे सगळं एक व्हायला हवं. याउलट खानापूर बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. ते एक होता कामा नये. नावाच्या साम्यावर जुळवणी केली की पहिल्या बाबतीत गट फुटतात आणि दुसऱ्या बाबतीत भलतेच जुळतात. ठिकाणाचा नोड केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीच्या कोडवर बांधा आणि नावं फक्त लेबल म्हणून लावा. ही सफाई सारांशाच्या आधीच व्हायला हवी, कारण गट पडल्यावर दोन नोड जोडले तर त्यांच्या शेजाऱ्यांच्या सह्यासुद्धा बदलतात.

मोजमाप करताना एकच हीट नंबर पुन:पुन्हा चालवू नका; दुसऱ्या खेपेला डेटाची पानं मेमरीत असतात आणि आकडा फसवतो. लॉगमधून निरनिराळ्या महिन्यांचे पन्नासेक हीट नंबर घ्या, सर्व्हर नुकताच सुरू केलेला असताना एकदा आणि गरम झाल्यावर एकदा, असे दोन्ही वेळ नोंदवा. सरासरीपेक्षा सर्वांत हळू निघालेल्या पाच हीट बघा. त्यातल्या गटांची किमान-कमाल बहुधा बिघडलेली सापडते.

वेगाइतकीच उत्तरांची जुळणी महत्त्वाची. त्याच पन्नास नंबरांवर मूळ क्वेरी आणि सारांशाची क्वेरी चालवून दोन्ही याद्यांची वजाबाकी दोन्ही बाजूंनी करा. दोन्हीकडे काहीही उरता कामा नये. ‘पोहोचला’ दुव्याच्या बाबतीत मूळ क्वेरीच्या बाजूला काही उरलंच, तर आधी जॉबवर्कचा माल पाहा. मशीनिंगसाठी बाहेर दिलेलं कास्टिंग डिलिव्हरी चलनावर जातं, इनव्हॉइसवर नाही. दुवा बांधताना फक्त इनव्हॉइसची वाट चाललात, तर बेळगावजवळच्या होनग्याच्या एखाद्या शॉपमध्ये लेथशेजारी पडलेली त्या हीटची कास्टिंग तुमच्या यादीत येणारच नाहीत. चलनाचं प्रेडिकेट त्या वाटेत घाला, आणि चलनावर गेलेला माल परत येतो तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे नगांचा आकडा कमी करा.